केल्टिक वेश, केल्टिक कला आणि टॅरो: आयर्लंडला जाणाऱ्यांसाठी

टॅरो पत्त्यांच्या साधनेतून केल्टिक वेशभूषा आणि कला समजून घेण्यासाठी आयर्लंडला जायचे असेल, तर 'प्राचीन केल्टिक टॅरो' या नावाने विकल्या जाणाऱ्या निवासी कार्यशाळेत पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मी अशा एका कार्यशाळेचे शुल्क आगाऊ भरले होते. ड्रुइडांपासून, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहितांपासून, चालत आलेली पत्त्यांची परंपरा, अस्सल केल्टिक वेश आणि रॉसकॉमन काउंटीतील ओविनगॅट गुहेत दीक्षाविधी, असे तीन वायदे तिच्या माहितीपत्रकात होते. पहिले दोन सपशेल खोटे निघाले. तिसरा खरा होता, परंतु तो ज्या रीतीने पार पाडण्यात आला, त्यात कुणाचा तरी हातपाय मोडला नाही हे दैवच म्हणायचे.

पत्त्यांबद्दल सांगायचे तर टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळला जाणारा पत्त्यांचा डाव होता आणि गूढविद्येशी त्याचे नाते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये जोडले गेले. ड्रुइडांच्या हाती तो असणे शक्यच नव्हते. खरा दुवा आहे तो अलीकडचा, आणि मला तो कितीतरी अधिक मोलाचा वाटतो. १८९० च्या दशकात कवी डब्ल्यू. बी. येट्स आणि त्यांचे सहसाधक आयरिश पुराणकथांवर आधारलेला साधनामार्ग रचू पाहत होते आणि त्याचे केंद्र म्हणून येट्स यांच्या मनात याच रॉसकॉमनमधील लॉख की सरोवरातले किल्ल्याचे बेट होते. तुआथा दे दानन या देवकुळाची कढई, भाला, तलवार आणि शिळा ही चार दिव्य आयुधे टॅरोच्या चार रंगांशी, म्हणजे पत्त्यांच्या चार गटांशी, जुळवली गेली ती याच वर्तुळात. १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या, आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संचाची चित्रे काढणाऱ्या पामेला कोलमन स्मिथ याच वर्तुळात वावरत होत्या. म्हणून तिथे नवा 'केल्टिक' संच विकत घेऊ नये. रोजच्या हातातलाच संच न्यावा.

वेशाची फसवणूक मात्र मला अधिक लागली. मखमलीसारख्या दिसणाऱ्या पॉलिएस्टरचा, सॅटिनचे अस्तर लावलेला, पायघोळ टोपीवाला झगा आम्हाला देण्यात आला आणि शुल्कात वेश समाविष्ट असल्याचे लिहिलेले असूनही त्याचे ८५ युरो भाडे वेगळे आकारण्यात आले. हा वेश केल्टिक नाही. खरा वेश कसा होता हे पाहायचे असेल, तर द्रोघेडाजवळ मोनास्टरबॉइस येथे जावे. तिथल्या मुइरदाखच्या क्रूसावर, म्हणजे दहाव्या शतकाच्या आरंभीच्या दगडी शिल्पावर, सैनिकांनी पकडलेल्या ख्रिस्ताच्या अंगावर आयरिश पद्धतीची लोकरी शाल आहे आणि ती कडीच्या पिनेने अडकवलेली दिसते. आत लांब लिननचा अंगरखा आणि वर पिनेने बांधलेली लोकरी शाल, एवढाच तो साधा पोशाख. दिमाख सगळा त्या पिनेत.

अशी पिन डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरील राष्ट्रीय संग्रहालयात पाहावी. प्रवेश विनामूल्य आहे. रविवारी आणि सोमवारी दार दुपारी उघडते, हे लक्षात ठेवून दिवस ठरवावा. 'तारा ब्रोच' नावाने प्रसिद्ध असलेली ही पिन १८५० साली मीथ काउंटीच्या किनाऱ्यावर बेटिस्टाउनजवळ सापडली. प्राचीन आयरिश राजांच्या तारा टेकडीशी तिचा संबंध नाही, ते नाव एका जवाहिऱ्याने विक्रीसाठी दिले. आठव्या शतकातील या दागिन्याची कडी जेमतेम तळहातावर मावेल एवढी, पिन मात्र सुमारे ३२ सेंटीमीटर लांब आहे. पुढच्या बाजूस सोन्याच्या तारेचे नक्षीकाम आहे आणि मागच्या बाजूस, जी शालीला टेकून कुणालाच दिसणार नाही, तिथे तितक्याच निगुतीने काढलेली सर्पिल वेलबुट्टी आहे. साखळीच्या जोडापाशी काचेचे दोन चिमुकले मानवी चेहरे आहेत. त्या दिवशी सकाळी मी काढलेला पत्ता 'हर्मिट', म्हणजे एकांतवासी साधू, होता आणि त्या न दिसणाऱ्या बाजूपुढे उभी असताना त्याचा जो अर्थ मला उलगडला, तो कोणत्याही पुस्तकाने दिला नव्हता. माझी पद्धत एवढीच असते की सकाळी एक पत्ता काढावा, त्याचा अर्थ वाचू नये आणि दिवसभरात जी वस्तू पाहू तिच्यासमोर तो मनात ठेवून बसावे. जाणाऱ्यांनीही हीच पद्धत ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आता गुहेविषयी. मध्ययुगीन कथांमध्ये ओविनगॅट हे परलोकाचे द्वार आहे, मॉरिगन देवी तिथूनच बाहेर येते, आणि साउइन या हिवाळ्याच्या आरंभीच्या केल्टिक सणाशी या स्थळाचे नाते घट्ट आहे. प्रवेश इतका ठेंगणा आहे की हातागुडघ्यांवरच जावे लागते. आत शिरताच डोक्यावरच्या दगडी तुळईवर ओघम लिपीतील कोरीव रेघा दिसतात आणि त्यांत पुराणकथांतील राणी मेडबच्या मुलाचे, फ्राइखचे, नाव आहे. पुढे माणसांनी बांधलेला मार्ग संपून चुनखडीची नैसर्गिक भेग सुरू होते आणि तिथला उतार हाच या साऱ्या प्रवासातला वाईट टप्पा होय: मऊ, बुळबुळीत चिखल, हाताला धरायला ओला दगड आणि पाय कुठे पडतो याचा अंदाज नाही. त्या उतारावरून आम्हाला ते झगे घालून नेण्यात आले. माझ्या झग्याचा घोळ गुडघ्याखाली अडकत होता, पाणी पिऊन तो जड झाला होता आणि खांद्यावर लावलेल्या नकली ब्रोचची उघडी पिन प्रत्येक वेळी वाकताना माझ्या गळ्याकडे येत होती. पुढची बाई घसरली, तेव्हा मागून तिला धरायला कुणाचाच हात मोकळा नव्हता, कारण प्रत्येकीच्या हातात मेणबत्ती दिलेली होती.

म्हणून गुहेत झगा, पिन, मेणबत्ती आणि पत्ते यांपैकी काहीही नेऊ नये. गमबूट, जुनी पँट, डोक्याला बांधायचा दिवा व हेल्मेट एवढे असावे आणि कोरड्या कपड्यांचा जोड गाडीत ठेवावा. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल, तर बेत पुढे ढकलावा. गुहा शेतजमिनीत आहे, म्हणून टल्स्क गावातील राथक्रोहन अभ्यागत केंद्रामार्फतच, त्यांच्या मार्गदर्शकासह जावे. तळाशी पोहोचल्यावर दिवे विझवून बसता येते आणि तो अंधार, मी अतिशयोक्ती न करता लिहिते, सगळ्या शुल्काच्या आणि मनस्तापाच्या पलीकडचा आहे. 'हाय प्रिस्टेस', म्हणजे मुख्य पुजारीण, या पत्त्यावरचा पडदा मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहते.

स्लायगो काउंटीतले दिवस सुखाचे गेले. त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. तारा टेकडीवरील लिया फाइल शिळा अवश्य पाहावी, कारण चार आयुधांपैकी हाताने स्पर्श करता येईल असे हे एकच. केल्सचे पुस्तक, म्हणजे डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील मध्ययुगीन सचित्र ख्रिस्ती हस्तलिखित, पाहण्याचे शुल्क जास्त आहे, गर्दीत प्रत्यक्ष पुस्तकासमोर उभे राहायला फार थोडा वेळ मिळतो आणि त्याची सर्व पाने ट्रिनिटी महाविद्यालयाने आंतरजालावर विनामूल्य ठेवलेली आहेत. पैसे मोजके असतील, तर ते गाळावे. त्याऐवजी रॉसकॉमनमध्येच, ॲथलीगजवळ, उघड्यावर असलेला कासलस्ट्रेंजचा कोरीव धोंडा पाहावा, कारण ख्रिस्तपूर्व केल्टिक कलेची सर्पिल रेषा तिथे तिकिटाशिवाय बोटाने गिरवता येते. टल्स्कला रेल्वे जात नाही. रॉसकॉमन स्थानकावर उतरून टॅक्सी करावी, आणि परतीची वेळ चालकाशी जातानाच ठरवून घ्यावी, कारण चिखलाने माखून रस्त्यावर उभे राहिल्यास ऐनवेळी दुसरी गाडी मिळणे कठीण जाते.