कापशीचे केसगोळे : होळी ते नवतपा

होळीच्या सुमारास कापशीचे केस गळायला लागले आणि आता नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलाय. मधल्या काळाची ही नोंद. नव्या मंडळींसाठी : कापशी म्हणजे आमची पर्शियन मिक्स मांजर, पांढरीशुभ्र, दाट अंडरकोटवाली (वरच्या केसांखालचा मऊ थर). पिंट्या गावठी बोका, आखूड केसांचा. मार्चमध्ये कापशीनं ओकलेला केसांचा गोळा दर आठवड्याला ठरलेला, तोही सतरंजीवरच. मे महिन्यात अजून दिसलेला नाही.

फरक पडला तो मुख्यतः कंगव्यानं. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे चाटताना अडकलेला केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बरेचसे केस शीवाटे जातात. उरलेले पोटात गुंततात आणि अन्ननलिकेतून वर येताना लांबट होतात. गोळा म्हणायचं, पण दिसते ती ओली वळकटी. म्हणजे जो केस कंगव्यात आला, तो पोटात जायचा वाचला. आधी रुंद दातांचा स्टीलचा कंगवा, मग हलक्या हातानं स्लिकर ब्रश (बारीक तारांचा), शेवटी ओला हात. वेळ सकाळची, कूलर लावायच्या आधी. नाहीतर सुटलेले केस घरभर, पाण्याच्या वाटीतसुद्धा. काखेत आणि मांड्यांच्या मागे गाठी होतात. त्या बोटांनी सोडवते. कात्री नाही, मांजराची कातडी फार पातळ असते.

दुसरं पाणी. पारा 45 वर गेला की कापशी खाणं कमी करते आणि पाण्याकडे तर बघतही नाही. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम 10 टक्के, ओल्यात 75 च्या पुढे. म्हणून रात्रीचं जेवण ओलं केलंय. वर उकडलेल्या चिकनचं पाणी. त्यात मीठ, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसूण मांजराला विषारी. (सावजी रश्शाच्या वासानं पिंट्या ओट्याखाली ठाण मांडतो, तो भाग वेगळा.)

तंतूंसाठी उकडलेला लाल भोपळा, चमचाभर. इसबगोल डॉक्टरांना विचारून, चिमूटभर आणि नीट भिजवूनच. मॉल्ट पेस्ट, म्हणजे केसगोळ्यांसाठी मिळणारी चाटायची पेस्ट, कापशी आवडीनं चाटते, पण नुसत्या पेस्टवर भिस्त ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही. तूप-तेल चाटवा म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते पचून जातं, केस तिथंच राहतात आणि वजन तेवढं वाढतं. लिक्विड पॅराफिन (पोट साफ करायचं खनिज तेल) पिचकारीनं घशात सोडणं तर साफ धोक्याचं. त्याला चव नसते, त्यामुळे ते नकळत फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

प्रत्येक ढास केसांचीच असते असंही नाही. अंग जमिनीलगत, मान पुढे ताणलेली, खोकला चालू आणि बाहेर काहीच येत नाही, असं वारंवार दिसलं तर दमा असू शकतो. मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, वर्णनापेक्षा तो कामाला येतो. मात्र नुसते उमासे, खाणं बंद, शीही नाही, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

सध्या लक्ष पिंट्याकडे आहे. तो पोट चाटून चाटून विरळ करतोय आणि मानेवर काळी कणी (पिसवांची विष्ठा) दिसते, म्हणजे पिसवा. डॉक्टरांकडून मांजरांसाठीचेच थेंब आणणार. कुत्र्यांच्या औषधात परमेथ्रिन हे कीटकनाशक असू शकतं आणि ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं. पिसवा गेल्यावर चाटणं किती कमी होतं, ते पुढच्या नोंदीत.