चालू पुस्तक

रविवार, श्रावण. रात्रीचे सव्वादहा.

दिवसभर झड लागून राहिली होती. कोयनेतून किती सोडलंय आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट आहे, हे विचारल्याशिवाय आज सांगलीत कुणी फोन ठेवला नसेल. पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीच्या बरंच खाली होतं, म्हणून आमची पुस्तकांची बैठक ठरल्याप्रमाणे गावभागात काकूंकडंच झाली. एरवी सातजण असतो, आज पाचच आलो.

आमचा नियम एकच. वाचून संपलेलं पुस्तक आणायचं नाही. हातात चालू असेल ते आणायचं आणि जिथवर आलोय तिथलं सांगायचं. हा नियम मीच धरून बसले आहे. पुस्तक संपलं की माणूस निकाल देतो, छान आहे, लांबलंय, शेवट पटला नाही. मध्यावर असताना त्याच्याकडं निकाल नसतो. मग पुस्तकातलं सांगता सांगता तो स्वतःचं सांगायला लागतो, आणि मला तेच ऐकायचं असतं.

गुरुजी तिसऱ्या महिन्यातही ‘बनगरवाडी’च घेऊन आले. मूळचे आटपाडीकडचे, नोकरीमुळे इकडं स्थिरावले. त्यांची प्रत मी आज हातात घेऊन नीट पाहिली. पानं लाटांसारखी उठलेली, खालच्या कोपऱ्याला चहाच्या रंगाची रेघ. 2019च्या पुरात ती तीन दिवस पाण्यात होती. त्यांनी पानापानात वर्तमानपत्राचे तुकडे घालून आठवडाभर पंख्याखाली वाळवली, चिकटलेली पानं फूटपट्टीनं सोडवली. दोन पानांवरची अक्षरं एकमेकांवर उमटली आहेत. माणदेशातल्या दुष्काळाचं पुस्तक आणि भिजलं कृष्णेच्या पुरात! जिल्हा एकच, पण पूर्वेला टँकर आणि पश्चिमेला होड्या, हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलंय.

गुरुजी तालमीपर्यंत आले आहेत. वाडी वर्गणी आणि अंगमेहनत घालून तालीम उभी करते आणि औंधचा राजा ती बघायला येतो, तो भाग त्यांनी मोठ्यानं वाचला. आटपाडी औंध संस्थानातलीच. “आमच्या आज्यानं राजाला बघितलं होतं,” असं म्हणाले आणि पुस्तक मिटलं.

मी विचारलं, “गुरुजी, गेल्या महिन्यात पण इथंच होता ना?”

“पुढं वाडी उठते, ताई. शाळेत असताना एकदा वाचलंय, ठाऊक आहे मला.”

मग बहात्तरच्या दुष्काळाचं निघालं. ते तेव्हा दहा वर्षांचे होते. आई खडी फोडायला जायची, शाळेत सुकडी मिळायची, बाहेरून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरायची नाही. चुलता मेंढरं घेऊन खाली गेला तो वर्षानं परतला, मेंढरांशिवाय. “आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, भावाची डाळिंबं आहेत. सगळं बरं आहे,” ते म्हणाले. “पण हे पान काही उलटत नाही.” त्यांना आग्रह कुणी केला नाही. मला तर वाटलं, 1955 सालच्या या पुस्तकाचं इतकं खरं वाचन आम्ही कुणीच केलेलं नाही.

वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी नर्सिंगची मुलगी ‘स्मृतिचित्रे’ वाचतेय, रात्रपाळीत. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्यापर्यंत आलीय. म्हणाली, “बाई रडत नाही हो, नुसतं सांगते. म्हणून जास्त लागतं.” माझं दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ चालू आहे. चैत्रापासून दर मराठी महिन्याला एकच लेख वाचते आहे, त्यामुळं विश्रामबागेतून येताना झाडांकडं बघत चालायची सवय लागली, एवढंच सांगितलं.

काकू दरवेळी चहा ठेवायला उठून जातात. आज मीच म्हटलं, “काकू, तुमचं काय चालू आहे?”

“माझं कसलं पुस्तक? श्रावणात आपली पोथी.”

लाल फडक्यातलं ‘शिवलीलामृत’. रोज अकरावा अध्याय. चाळीसेक वर्षं वाचतात, पाठच आहे. त्यातली महानंदा या शिवभक्त गणिकेची गोष्ट त्यांनी सांगितली. तिच्या घरी पाळलेलं माकड आणि कोंबडा, तिच्या भक्तीची पारख करायला सौदागराच्या रूपात आलेला शंकर, त्यानं जपायला दिलेलं लिंग, आणि मग नृत्यशाळेला लागलेली आग.

“इतकी वर्षं मी पुढच्याच ओव्यांची वाट बघायचे,” काकू म्हणाल्या. “ती आगीत उडी घेते, देव तिला झेलतो, तिथं. यंदा मधेच थांबले. आग लागल्यावर ती त्या माकडा-कोंबड्याच्या गळ्यातले पाश काढते. पुरात आम्ही तेच केलं होतं. दारात दोन म्हशी होत्या. पाणी उंबऱ्याला लागलं, तसं ह्यांनी आधी दावी कापली. भांडीकुंडी नंतर.”

त्यांच्यामागं भिंतीवर त्या पुराची पेन्सिलीची खूण आहे, माझ्या डोक्याच्या वर. घराला दोनदा रंग दिला, पण तेवढी जागा त्यांनी तशीच ठेवलीय.

चाळीस वर्षं पाठ असलेली पोथीसुद्धा चालूच असते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दरवेळी मी त्यांना यजमान धरत आले आणि विचारलंच नाही. हे मला लागलं, म्हणून लिहून ठेवते.

निघण्याआधी आम्ही खालच्या फळीवरची पुस्तकं पोटमाळ्यावर चढवली. पोथी मात्र काकूंनी देवघरातच ठेवली, उद्या पहाटे लागेल म्हणून. गुरुजींनी ‘बनगरवाडी’ दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळून रेनकोटच्या आत धरली. चपला घालता घालता त्यांनी विचारलं, “म्हशी परत आल्या का, काकू?”

“एक आली. सतराव्या दिवशी. दाव्याचा तुकडा गळ्यातच होता.”