तिसरी पेनल्टी

दुपारी लाइट गेली की माझ्या मोबाइलवर हमखास अर्जेंटिनाचा फॉरवर्ड मार्टिन पालेर्मो उगवतो. आजही उगवला. 4 जुलै 1999, पॅराग्वेतलं लुके, कोपा अमेरिका, अर्जेंटिना विरुद्ध कोलंबिया. पहिली पेनल्टी आडव्या बारवर. दुसरी बारवरून आभाळात. तिसरी कोलंबियाचा गोली कालेरो अडवतो. एकाच सामन्यात, एकाच माणसाच्या तीन! जग हसतं ते हसतंच. मी मात्र दर वेळी तिसरीपाशी अडकतो. ती मारायला तो आला तेव्हा सामना संपत आला होता आणि कोलंबिया 3-0 पुढे होती. आता गोल झाला काय अन् नाही काय. चेंडू दुसऱ्या कुणाकडे सरकवला असता तर कोण विचारणार होतं?

आमच्या पेठेत मात्र विचारलं असतं. कोल्हापुरात पेनल्टी चुकणं हा खासगी मामला नसतोच. लहानपणी आमच्या तालमीच्या फॉरवर्डनं शाहू स्टेडियमवर एक बाहेर घालवली. गडी मागच्या बोळातनं घरी गेला. दुसऱ्या दिवशी दुधाला त्याच्याऐवजी त्याची आई आली. तरी कट्ट्यावरनं आवाज आलाच, ‘काय वहिनी, पोस्ट कुणी हलवलं काय काल?’ पुढे कधी पेनल्टी मिळाली की हा पठ्ठ्या बुटाची नाडी बांधायला वाकायचा. बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायचा. शिट्टी होऊन कुणीतरी मारेपर्यंत मान वर नाही.

पालेर्मोनं नाडी बांधली नाही, एवढंच खरं तर मला म्हणायचं होतं. पण त्याचं पुढचं सगळं इतकं अचाट आहे की राहवत नाही. त्याच वर्षी गुडघ्याचा लिगामेंट फाटला, तर त्याच पायानिशी गोल मारूनच मैदानाबाहेर गेला. 2000 मध्ये तो त्याच्या बोका ज्युनियर्स क्लबकडून परतणार म्हटल्यावर बोकाचा कट्टर वैरी असलेल्या रिव्हर प्लेटचे कोच गायेगो म्हणाले, पालेर्मोला खेळवणार असाल तर मी फ्रान्सेस्कोलीला उतरवतो. फ्रान्सेस्कोली म्हणजे रिव्हरचा जुना हिरो, तेव्हा निवृत्त झालेला! पालेर्मो बदली म्हणून उतरला आणि रिव्हरवरच गोल ठोकून मोकळा झाला. त्याच वर्षी टोकियोत रियाल माद्रिदविरुद्ध पहिल्या सहा मिनिटांत दोन. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये गोल केला म्हणून प्रेक्षकांकडे धावला, तर भिंत कोसळून पाय मोडला. दहा वर्षं देशानं विचारलं नाही. मग अर्जेंटिनाचा कोच झालेल्या मॅराडोनानं बोलावलं, धो धो पावसात पेरूविरुद्ध शेवटच्या क्षणी यानं गोल केला आणि मॅराडोना पोटावर घसरत सुटला.

2011 मध्ये बोकाकडून 236 गोल करून थांबला, तेव्हा क्लबनं त्याला स्टेडियममधला अख्खा गोलपोस्टच भेट दिला. शाल-श्रीफळ निदान कपाटात तरी मावतं. सव्वासात मीटर रुंद, अडीच मीटर उंच वस्तू माणसानं ठेवायची कुठे? मला हा प्रश्न कित्येक वर्षं छळतोय. आमच्याकडे पहिल्याच दिवशी त्यावर चादरी वाळत पडल्या असत्या.

मग कोचगिरी. मेंडोसा, चिली, मेक्सिको, पुन्हा चिली, पुन्हा अर्जेंटिना, बिऱ्हाड पाठीवर. 2023 मध्ये प्लातेन्सेसारख्या छोट्या क्लबला फायनलपर्यंत नेलं आणि 1-0 नं हरला. कोच म्हणून पहिलं विजेतेपद आलं ते 2024 मध्ये, पॅराग्वेच्या ओलिम्पियाबरोबर. क्लब राजधानी असुन्सिओनचा. लुके त्याला अगदी लागून. कुणी याला नियती वगैरे म्हणेल. मी म्हणेन, पॅराग्वे लहान देश आहे.

मला भलतंच कुतूहल आहे. सरावात एखादं पोरगं दोन पेनल्ट्या वाया घालवून तिसरीसाठी पुन्हा चेंडू उचलत असेल, तेव्हा कोच पालेर्मो काय करत असेल? ओरडत असेल, की गप्प राहत असेल?

मी असतो तर ओरडलोच असतो.