शेळीच्या घोट्यातली खूण

काटोल-कळमेश्वर भागात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरताना माझा दिवस बेरारी शेळ्या आणि गवळाऊ गाईंमध्ये जातो. शेळी मागच्या पायाने लंगडत आली की मी आधी घोटा चाचपतो. त्यात ॲस्ट्रॅगॅलस नावाचं एक छोटं हाड असतं. त्याच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. घोड्यात ती फक्त वरच्या टोकाला. खालचं टोक चपटं. दुहेरी कप्पी म्हणजे समखुरी कुळ: गाय, शेळी, हरीण, डुक्कर, उंट.

आणि देवमासा! दातांवरून पूर्वी त्याचं नातं मेसोनिकिड नावाच्या नामशेष मांसाहारींशी जोडत. १९९० च्या दशकात डीएनए सांगू लागला की त्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा. हाडांचे अभ्यासक अडून बसले. मग २००१ मध्ये पाकिस्तानात सापडलेल्या, सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या पायवाल्या देवमाशांचे घोटे प्रसिद्ध झाले. दोन्ही टोकांना कप्पी! माझ्या बोटांना रोज लागणारं हाड हा वाद मिटवतं, याचा मला फार आनंद वाटतो.

जम्मू भागातल्या कालाकोटच्या, जीवाश्म असलेल्या खडकांची कथा तर आपल्या घरचीच. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी ते गोळा केले, पण बरेचसे फोडायचे राहून गेले. त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीने ते जीवाश्मांचे अभ्यासक हान्स थेविसन यांना दिले. त्यातली इंडोहायस या नामशेष प्राण्याची कवटी साफ करताना कानाचं हाड तुटलं आणि आतली भिंत दिसली: जाड, थेट देवमाशासारखी. मांजराएवढा, खूर असलेला तो प्राणी २००७ मध्ये देवमाशांच्या अगदी शेजारी जाऊन बसला.

म्हणजे वंशवृक्षात उंट आधी वेगळा झाला, मग डुक्कर, मग रवंथ करणारे. पाणघोडा आणि देवमासा शेवटी एकमेकांपासून. गोठ्यातली गाय डुकरापेक्षा देवमाशाला जवळची. देवमाशाच्या जठरालाही अनेक कप्पे असतात, हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही.

शाळेतल्या तक्त्यांवर देवमासा अजून माशांशेजारी पोहताना दिसतो. माझ्या मते त्याचं चित्र गाईशेजारी हवं. दोघांच्या लॉरेशियाथेरिया या सस्तन प्राण्यांच्या मोठ्या शाखेत पेंचचा वाघ, वटवाघूळ, घोडा आणि खवल्या मांजरही येतात. हत्ती मात्र नाही. त्याची शाखा आफ्रिकेतली, समुद्रगाईसोबतची.