परदेशी लिलावातून पार्कर ५१ नाशिकला आणताना

जुन्या शाईपेनांच्या ऑनलाइन लिलावात पहिलं पेन कोणतं घ्यावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. पार्कर ५१ घ्यावं, आणि त्यातलंही एअरोमेट्रिक. हे पेन १९४१ मध्ये बाजारात आलं तेव्हा त्यात व्हॅक्युमॅटिक पद्धतीने शाई भरत. बॅरलच्या, म्हणजे पेनाच्या मागच्या नळीसारख्या भागाच्या, शेपटाला एक छोटी टोपी असे, ती काढून आतला दट्ट्या दाबायचा. त्यातला रबरी पडदा जुना झाला की कडक होतो. तो बदलायचा तर भरणीचा, म्हणजे शाई भरण्याच्या यंत्रणेचा, भाग न चेपता धरणारं खास साधन लागतं, आणि नवख्या माणसाचं पेन नेमकं तिथेच मोडतं. १९४८ पासून एअरोमेट्रिक आलं. त्यात बॅरल फिरवून काढलं की धातूची नळी दिसते, तिच्यावर दाबपट्टी आणि आत पीव्हीसीची पारदर्शक सॅक, म्हणजे शाईची पिशवी. रबर कुजतं, ही सॅक सहसा कुजत नाही. सत्तर वर्षांपूर्वीची सॅक अजून मऊ असणं या पेनात नेहमीचं आहे.

टोपण लावलेल्या फोटोत दोन्ही प्रकार सारखेच दिसतात आणि पुष्कळ विक्रेत्यांना फरक माहीत नसतो. शेपटाकडे बघावं. टोकापासून थोडं अलीकडे बारीक गोल सांधा दिसला तर व्हॅक्युमॅटिक. शेपूट सलग, गुळगुळीत असेल तर एअरोमेट्रिक. अमेरिकी पेनांवर १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ‘मेड इन यूएसए’च्या जवळ सालाचा शेवटचा आकडा कोरलेला असतो. एअरोमेट्रिकवर ९ असेल तर ते १९४९ चं. इंग्लंडमधल्या न्यूहेवनच्या कारखान्यात बनलेली पेनंही लिहायला तितकीच चांगली, त्यामुळे ब्रिटनमधले लिलाव मी वगळत नाही.

पार्कर ६१ दिसायला जवळचं आणि बऱ्याचदा स्वस्त मिळतं. १९५६ च्या मूळ रचनेत ते केशाकर्षणाने शाई ओढतं. आतल्या गुंडाळीत शाई वाळली की ती धुवून काढायला आठवडे लागतात. शेफर कंपनीचं स्नॉर्केल पेन १९५२ चं, यंत्र म्हणून सुंदर, पण सॅक, ओ-रिंग आणि पुढचं गॅस्केट असे तीन भाग बदलावे लागतात. दोन्ही पहिल्या खरेदीसाठी नकोत.

आता फोटो. खरी पारख इथेच होते, कारण पेन हातात येईपर्यंत पैसे गेलेले असतात. ५१ ची निब हूडखाली, म्हणजे पुढच्या निमुळत्या आवरणाखाली, झाकलेली असते, बाहेर दिसतो फक्त टोकाचा दाणा. म्हणून मी बोली लावण्याआधी विक्रेत्याकडून चार फोटो मागवते: दाण्याचा बाजूने जवळून, दाण्याचा समोरून, बॅरल काढून सॅकच्या नळीचा, आणि टोपणाच्या तोंडाचा. बाजूने बघताना दाणा गोलसर, भरीव दिसला पाहिजे. खालून सपाट घासलेला असेल तर आधीच्या मालकाच्या हाताचा कोन त्यात बसलेला आहे, तुमच्या हातात ते पेन खरखरेल. समोरून निबच्या चिरेच्या दोन्ही बाजूंची पाती एका पातळीत हवीत. दाणा हूडच्या टोकाच्या बरोबर मध्याखाली नसेल तर हूड कुणीतरी उघडून वाकडं बसवलेलं आहे. एवढ्यावरून मी पेन सोडत नाही, पण बोली कमी करते.

हूडची मागची कडा, म्हणजे धातूच्या गोल कड्याला (रिंगला) टेकते ती, आणि बॅरलची उघडी कडा, या दोन जागी केसासारखी चीर येते. बॅरल जोर लावून आवळल्याने हे होतं. चीर गेलेल्या भागाला दुरुस्ती नाही, दुसरा भागच शोधावा लागतो. टोपणावरचे पोचे तिरप्या उजेडात दिसतात, समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत लपतात. सोनेरी टोपण असेल तर तोंडाच्या कडेला आणि क्लिपच्या टोकाला मुलामा झिजून पितळ उघडं पडलंय का ते बघावं. शेवटी एक प्रश्न लिहून विचारावा: टोपण लावून पेन टोपणाने उचललं तर निसटतं का? टोपण धरून ठेवणारी पकड सैल झाली आहे का, हे फोटो सांगत नाही.

विक्रेत्याचे शब्दही नीट वाचावेत. ‘अनटेस्टेड’ म्हणजे चालत नाही असंच धरून किंमत लावावी. ‘बुडवून लिहितं’ यातून निब धड आहे एवढंच कळतं, भरणीबद्दल काहीच नाही. ‘रिस्टोर्ड’ लिहिलं असेल तर नेमकं काय बदललं ते विचारावं. खरोखर काम केलेला माणूस सविस्तर सांगतो.

किमतीसाठी ईबे या लिलावाच्या संकेतस्थळावर ‘सोल्ड आयटम्स’ची, म्हणजे विकल्या गेलेल्या वस्तूंची, चाळणी लावावी. मागच्या ९० दिवसांत तशी पेनं प्रत्यक्ष कितीला गेली ते त्यात दिसतं. चालू लिलावातल्या मागण्यांना अर्थ नसतो. ईबेचं भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं, त्यामुळे खरेदी डॉलरमध्ये किंवा पाउंडात होते आणि हिशेब उलटा करावा लागतो. समजा पेन घरात येईपर्यंत एकूण १२,००० रुपये घालायचे आहेत. त्यातले ५०० किरकोळ दुरुस्तीसाठी बाजूला काढले, उरले ११,५००. सोपं जावं म्हणून डॉलर ९० रुपये धरू. कार्डाचं परकीय चलन शुल्क ३.५% आणि त्यावर जीएसटी मिळून सुमारे ४%. सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) मिळून उदाहरणापुरते ४०% धरू. म्हणजे एका डॉलरला ९० × १.४४, जवळपास १३० रुपये. ११,५०० ला त्याने भागलं की ८८ डॉलर येतात. त्यातून टपालखर्चाचे २५ वजा केले की बोली उरते ६३ डॉलरची. शुल्क पेनाच्या किमतीवर लागतं तसं टपालखर्चावरही लागतं, हे विसरलं की हिशेब चुकतो. शुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून सीमाशुल्काच्या यादीतलं ‘वैयक्तिक वापरासाठी आयात’, शीर्षक ९८०४, याचा त्या दिवशीचा दर बघूनच आकडा ठरवावा.

ठरलेला आकडा एकदाच टाकायचा, आणि शेवटच्या आठ-दहा सेकंदांत. यंत्रणा तुमची कमाल बोली गुप्त ठेवते आणि समोरच्यापेक्षा एक पायरी वर जाईल इतकीच चढवते. २५ ते ९९.९९ डॉलरमध्ये ही पायरी १ डॉलरची असते. तीन दिवस आधी बोली लावली तर हळूहळू चढवत जाणाऱ्यांना विचार करायला वेळ मिळतो, आणि फुगते ती तुमचीच किंमत. दोघांची कमाल सारखी असेल तर आधी लावणारा जिंकतो, म्हणून ६३ ऐवजी ६३.२७ लिहावं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळी सहाला संपणारा लिलाव उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला संपतो, हिवाळ्यात साडेसातला. जपानच्या याहू लिलावात मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे विक्रेत्याने मुदतवाढ सुरू ठेवली असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ पुढे सरकते.

पैसे भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर सुरू करून ठेवावा. पत्ता इंग्रजीत, ४२२ ने सुरू होणारा पूर्ण पिन आणि मोबाइल नंबर त्यात हवाच. कुरिअरने येणाऱ्या पार्सलाला केवायसी लागतं, ते दोन दिवस पडून राहिलं तर पार्सलही तेवढंच अडकतं. टपालाने येणारं पार्सल मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयातून शुल्क आकारून नाशिकला येतं, आणि ती रक्कम पोस्टमन पार्सल देताना घेतो. विक्रेत्याला ‘गिफ्ट’ लिहायला सांगू नये. भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९ पासून राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडली तर बंद आहे. किंमत कमी लिहून घेतली आणि पार्सल हरवलं, तर भरपाईही तेवढीच कमी मिळते.

पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढावा. वर्णनाशी न जुळणाऱ्या वस्तूची तक्रार पोचल्यापासून ३० दिवसांत करावी लागते, म्हणून पेन कपाटात ठेवून सणाला उघडू, असं करू नये. दहापट भिंगाने दाणा आणि कडा त्याच दिवशी तपासाव्यात. असं भिंग सराफ बाजारात सोनारकामाची अवजारं विकणाऱ्यांकडे विचारावं.

धुताना साधं गार पाणी. बोअरचं पाणी क्षार सोडतं, त्यापेक्षा आरओचं बरं. गरम पाणी आणि स्पिरिट दोन्ही वर्ज्य, कारण ५१ चं शरीर ॲक्रिलिकचं आहे आणि अल्कोहोलने त्यावर बारीक तडे जातात. बॅरल काढून हूड पाण्यात बुडवावं आणि दाबपट्टी पाच-सहा वेळा दाबावी, दर वेळी सोडल्यावर दोन-तीन सेकंद थांबून. घाईने दाबलं तर सॅक फुगायला वेळच मिळत नाही. हूडच्या आत बारीक चकत्यांचा शाई साठवणारा भाग असतो, वाळलेली शाई त्यात बसते. पाणी एकदा स्वच्छ आलं म्हणून थांबू नये. हूड रात्रभर पाण्यात ठेवलं की सकाळी पुन्हा निळं पाणी येतं. अगदीच हट्टी शाई असेल तर कपभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि चमचाभर घरगुती अमोनिया. मग निब खाली करून, टिश्यूत गुंडाळून झटकावं.

हूड उघडायची घाई नको. निब खरखरत असेल तर आधी भिंगाखाली पाती बघावीत. वर आलेलं पातं नखाने हलकेच खाली दाबलं की बहुतेक वेळा जुळतं. घासपट्टीची पाळी फार नंतर येते, कारण दाण्याचं घासलेलं परत येत नाही.

पहिली शाई धुता येण्यासारखी निळी घ्यावी, कॅम्लिनची रॉयल ब्लू पुरेशी आहे. चमकीच्या शाया आणि ड्रॉइंग इंक या पेनात कधीच नको. भरल्यावर हूड पुसून पेन टोपण लावून दिवसभर निब वर करून उभं ठेवावं, मग दिवसभर आडवं. हूड आणि कड्याच्या सांध्यात शाई उमटली तर आतलं जुनं लाखेचं सील गेलंय. तेव्हा हेअर ड्रायरने हूड फिरवत फिरवत, बोटाला जेमतेम सोसेल इतकंच गरम करून, रबरी पकडीने सोडवावं. फर्निचर पॉलिशवाले वापरतात तो चपडा स्पिरिटमध्ये घट्टसर विरघळवून आट्यांवर पातळ लावावा, दाणा मध्यावर आणून बसवावं आणि रात्रभर सुकू द्यावं. इथे सुपरग्लू वापरला तर ते पेन पुन्हा कुणालाही उघडता येणार नाही.