बेचाळिसाव्या दिवशीची फट

माझे बालपण सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेत गेले, त्यामुळे फळ तडकणे मला नवीन नाही. तरीही मिनेसोटातल्या शेतावर, परागीभवनानंतरच्या ४२व्या दिवशी सकाळी, माझ्या ताब्यातल्या, वजनाच्या स्पर्धेसाठी वाढवलेल्या ‘अटलांटिक जायंट’ या महाकाय वाणाच्या भोपळ्याच्या देठाजवळ बोटभर फट दिसली तेव्हा कोणीतरी विळा मारला असावा असेच मला प्रथम वाटले.

हे फळ मुठीएवढे होते तेव्हापासून मी ते वळवत आलो होतो. ते वेलीला चिकटून वाढत होते आणि तसेच राहिले असते तर फुगणाऱ्या खांद्यांनी वेल रेटली जाऊन देठ उपटला गेला असता. म्हणून आठवडाभर रोज दुपारी, उन्हाने देठ जरा नरम झाला की, मी ते अर्धे-अर्धे बोट सरकवून देठ वेलीशी काटकोनात आणला, शिवाय खांदे चढतील तशी वेल उचलली जावी म्हणून दोन्ही बाजूंच्या तीन-तीन पेरांखालची मुळे कापली.

खोट आकारातच होती. देठाभोवती खोल गोल खोबण होती. हे वाण तयार करणाऱ्या नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांच्या नावाने तिला ‘डिल रिंग’ म्हणतात, आणि फळ फुगताना ताण तिथेच एकवटतो. जुलैत दोन फळांतले एक ठेवताना मी उथळ खांद्यांचे, संथ वाढणारे फळ सुचवले होते. मालकांनी वेगाने वाढणारे ठेवले. २०२३ साली मिनेसोटाच्याच एका उद्यानविद्येच्या शिक्षकाने १,२४७ किलोंचा भोपळा पिकवून विश्वविक्रम केला, तेव्हापासून इथे वजनापलीकडे कोणाला काही दिसत नाही.

फटीत गवताची काडी घातली. उथळ तडा असता तर कडा साफ करून, पंखा लावून वाळवला असता. परंतु काडी वीतभर आत गेली तरी अडली नाही आणि बाहेर काढली तेव्हा टोकाला पोकळीतला ओला तंतू चिकटलेला होता. पोकळीपर्यंत उघडलेले फळ स्पर्धेच्या वजनकाट्यावर बाद ठरते.

दोन आठवड्यांच्या कोरड्या उन्हानंतर मालकांनी आदल्या संध्याकाळी मला न सांगता चार तास ठिबक चालू ठेवले होते. फळाला मोजफीत लावून काढलेल्या वजनाच्या अंदाजाने रोजची वाढ ११ किलो होती, ती त्या रात्री १७ झाली. वहीत मी कारण ‘पाणी’ असे लिहिले. मात्र पाहुण्यांना छायाचित्रे काढता यावीत म्हणून त्याच आठवड्यात तीन दिवस मी फळावरची शेडनेट काढली होती, आणि कडक उन्हाने साल निबर होते हे मला ठाऊक होते. ते अजून वहीत लिहिलेले नाही.