बाबासाहेबांचा वाढदिवस आणि आमची चाळ

आमच्या घरात कुणाचाच वाढदिवस व्हायचा नाही. आईला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती, वडिलांना शाळेत मास्तरांनी 1 जून लावून दिलेला. आम्हा भावंडांच्या तारखा होत्या, पण त्या फक्त दाखल्यावर. आयुष्यातला पहिला केक मी खाल्ला तो बाबासाहेबांच्या वाढदिवसाचा. 13 एप्रिलच्या रात्री बाराच्या ठोक्याला, वरळीच्या बीडीडी चाळीच्या पटांगणात, झोपाळलेल्या डोळ्यांनी. निळ्या आयसिंगने जिभा निळ्या झाल्या होत्या आणि आम्ही त्या एकमेकींना काढून दाखवत होतो.

वाढदिवस एका रात्रीचा नव्हताच. आमच्या मंडळाची जयंती 11 एप्रिललाच सुरू व्हायची. त्या दिवशी महात्मा फुल्यांची जयंती. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानलं त्यांचा वाढदिवस बरोबर तीन दिवस आधी यावा, ही गोष्ट मंडळाला फारच सोयीची होती. वर्गणी मात्र गुढीपाडव्याच्या आसपासच सुरू झालेली असायची. पावतीपुस्तक घेऊन पोरं जिने चढत. ‘पुढच्या पगाराला’ म्हणणाऱ्या घरात मग आमच्यासारख्या पोरींना धाडत, कारण पोरींना नाही म्हणवत नाही असा खजिनदारकाकांचा अनुभव होता.

12 तारखेला अठरा तास अभ्यास. बाबासाहेब दिवसाचे 18 तास वाचत, म्हणून सकाळी 6 ते रात्री 12 मुलांनी विहारात बसून वाचायचं. वार्षिक परीक्षा तोंडावर असायची, त्यामुळे आईबाप खूश. आता इतक्या वेळ बसणाऱ्या पोरांना दर दोन तासांनी काहीतरी लागतंच. सकाळी कांदेपोहे, मग चहा-बटर, दुपारी मुगाची खिचडी, संध्याकाळी वडापाव. आमच्यातली निम्मी त्यासाठीच बसायची. पण खरं सांगते, इतिहासाच्या सनावळ्या माझ्या तिथेच पाठ झाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीत सात माणसं राहत असताना सलग दोन तास कुणी हाक न मारता वाचायला मिळणं, ही चैन वर्षातून एकदाच.

वक्तृत्व स्पर्धेत प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच. ‘बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे झाला.’ अकराव्या मुलापर्यंत सगळं पटांगण एका सुरात ते वाक्य म्हणायचं आणि बोलणारा बिचारा दुसरं वाक्य विसरायचा. शेवटी पोस्टात नोकरीला असलेले आमचे अण्णा उठत आणि 1928 साली जनार्दन रणपिसे यांनी पुण्यात पहिली सार्वजनिक जयंती कशी केली, ते सांगत. दरवर्षी तेच, तितक्याच जोशात. शताब्दीच्या वर्षी, 1991 ला, बक्षीस म्हणून त्यांनी बाबासाहेबांचं चित्र असलेली एक रुपयाची नाणी वाटली. सरकारने ती आदल्या वर्षी काढली होती आणि अण्णांनी एकेक करून बाजूला ठेवली होती. माझं नाणं माझ्या भावाने पुढच्याच आठवड्यात बर्फाच्या गोळ्यावर उडवलं. त्यावरून आमची अजून भांडणं होतात.

14 ला सकाळी पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. पंचशील ध्वज, त्रिशरण-पंचशील, मग मोठी माणसं चालत दादरला चैत्यभूमीवर. चाळीत मागे राहायच्या त्या स्वयंपाकाच्या बायका. मला विचाराल तर खरी जयंती तिथे होती.

बीडीडी चाळीच्या मजल्यावर मधोमध लांबलचक अंधारा पॅसेज आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या. त्या पॅसेजात ओळीने रॉकेलचे स्टोव्ह भरभरायला लागले की एप्रिलच्या उकाड्यात उभं राहवत नसे. एका दाराशी कणीक मळणं, दुसऱ्या दाराशी लाट्या, तिसरीकडे लाटणं, शेवटच्या दारात तळणं. पुरी कच्ची ती हातोहात सरकत जायची आणि तळलेली परत येताना वाटेत दोन-चार कमी व्हायच्या. कणकेत मूठभर रवा पडलाच पाहिजे, नाहीतर पुऱ्या दुपारपर्यंत चामट होतात, हा तळमजल्यावरच्या मावशींचा कायदा. खीर खाली पटांगणात, तांदळाची, माणूस बसेल एवढ्या टोपात. दूध आटत आलं की एकीने ढवळणं थांबवून कपाळ पुसलं तरी मावशी ओरडायच्या, ‘बाय, खाली लागंल गं!’ एका वर्षी लागलीच. तेव्हा मावशींनी खरवडायला मनाई करून वरची खीर दुसऱ्या टोपात ओतून घेतली, वर जायफळ किसलं आणि कुणाला कळलं नाही. खरवड आम्हा पोरींना मिळाली. करपट-गोड, चिकट. मला ती खिरीपेक्षा आवडली.

खिरीचे डबे शेजारच्या चाळींत जायचे, पोलिसांच्या बिऱ्हाडांतही जायचे. दिवाळीत त्यांच्याकडून आलेला डबा आईने मुद्दाम परत केलेला नसायचा. रिकामा डबा परत करायचा नसतो, म्हणून तो जयंतीच्या खिरीची वाट बघत फळीवर बसायचा.

मिरवणुकीबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांनी पाहिलेली असते. आमच्या लहानपणी लेझीम होतं, बँड होता, रात्री दोन पार्ट्यांत भीमगीतांचा सामना रंगायचा आणि हरणारी पार्टी पहाटेपर्यंत हरायला तयार नसायची. आता डीजे आहे. छातीत धडधडतं आणि शब्द एक कळत नाही. भाच्याला हे म्हटलं तर तो म्हणतो, ‘मावशी, तू नाचतेस मात्र सगळ्यात पुढे.’ तेही खरंच.

लग्न होऊन कल्याणला गेले तेव्हा सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, दिवाळीला नाही पाठवलंत तरी चालेल, जयंतीला माहेरी जाणार. चाळीतल्या बहुतेक लेकींचं हेच. बदलापूर, विरार, पनवेल, जिथून तिथून पोरंबाळं घेऊन यायच्या, आणि एका खोलीत वीस माणसं झोपायची. म्हणजे झोपायची कुठली, गप्पाच.

15 तारखेला मटण. आदल्या दिवशी गोडधोड खाऊन तोंडं मिटलेली असायची आणि लेकी रात्री परतणार असायच्या, म्हणून घरोघरी खोबरं-कांदा भाजल्याचा वास. जावयांचे लाड त्याच दिवशी.

मग येणाऱ्या रविवारी हिशोबाची बैठक. वर्गणी किती, बँडवाल्याचे किती, पोह्यांना कांदा एवढा कसा लागला, यावर तासभर वाद. मांडववाल्याकडून भाड्याने आणलेली भांडी मोजली की दरवर्षी एक मोठा झारा कमी भरायचा आणि तो पैसे लावायचा. खजिनदारकाका वहीत लिहायचे, ‘झारा 1, गहाळ.’ आमच्या आईच्या फळीवर तसे तीन होते.